कुलूप मोडलंय, हे कुणाला माहीत होतं?
असुरक्षित जागा, गुन्हा आणि नुकसानभरपाई : एक अभ्यास

वर्कशॉपमध्ये एखादा शाफ्ट तुटला तर आपण ‘नशीब’ म्हणून सोडून देत नाही. मटेरियल तपासतो, लोड किती होता ते पाहतो, मेंटेनन्सचं रजिस्टर काढतो. कारण सापडेपर्यंत सर आपल्याला सोडत नाहीत. पण एखाद्या इमारतीत कुणी घुसलं, कुणाला मारहाण झाली किंवा एखाद्या मुलीवर हल्ला झाला, की आपली विचार करण्याची पद्धत एकदम बदलते. ‘पकडला का त्याला?’ हा पहिला प्रश्न. ‘पण ती एवढ्या उशिरा तिथे काय करत होती?’ हा दुसरा. तो ज्या दारातून आत आला ते दार कुणाच्या ताब्यात होतं, जिन्यातला दिवा किती दिवस बंद होता आणि हे कुणाला माहीत होतं, हा तिसरा प्रश्न सहसा कुणी विचारत नाही.

हा लेख त्या तिसऱ्या प्रश्नाबद्दल आहे. आपण हॉस्टेलवर राहतो, म्हणजे आपली झोप, आपलं सामान आणि आपला जीव दुसऱ्याने लावलेल्या कुलपाच्या भरवशावर असतो. ते कुलूप नीट नसेल आणि त्यामुळे इजा झाली, तर कायदा काय म्हणतो?

दोन वेगळे हिशेब

गुन्हा घडला की दोन हिशेब सुरू होतात. पहिला फौजदारी. तो सरकार विरुद्ध आरोपी असा असतो आणि त्याचा शेवट शिक्षेत किंवा सुटकेत होतो. दुसरा दिवाणी. ज्याला इजा झाली तो स्वतः उभा राहतो आणि म्हणतो, माझं नुकसान झालंय, ते भरून द्या. दवाखान्याचा खर्च, बुडालेला पगार, वाया गेलेलं वर्ष, सोसलेला त्रास, सगळं त्यात येतं.

आता हल्लेखोर सापडला नाही, किंवा सापडला पण त्याच्याकडे फुटकी कवडी नाही, तर? तेव्हा दिवाणी कायदा जागेच्या मालकाकडे वळतो. मालकाने गुन्हा केला असं कुणी म्हणत नाही. आरोप एवढाच असतो, की धोका दिसत होता, उपाय हातात होता आणि तरी काही केलं नाही. यालाच आपण साध्या भाषेत हलगर्जीपणा म्हणतो.

अमेरिकेत असे दावे बऱ्याच काळापासून चालतात. तिथल्या न्यायाधीशांनी निकालपत्रांत कारणंही सविस्तर लिहिली आहेत. म्हणून विषय समजून घ्यायला आधी तिकडे जाऊ आणि मग घरी परतू. तिथे साधारणपणे चार गोष्टी पाहतात.

१. ती जागा सुरक्षित ठेवण्याची जबाबदारी त्याची होती का?
२. असा प्रकार घडू शकतो, हे आधी कळण्यासारखं होतं का?
३. वाजवी खर्चात करता येण्यासारखा उपाय त्याने केला होता का?
४. तो उपाय केला असता तर ही घटना बहुधा टळली असती का?

चारही उत्तरं पीडिताच्या बाजूने आली तरच नुकसान किती, यावर बोलणं सुरू होतं.

दारवान काढला, भाडं चालू ठेवलं

या विषयातला गाजलेला निकाल १९७० चा आहे, वॉशिंग्टन शहरातला. ५८५ फ्लॅट्सची मोठी इमारत. १९५९ मध्ये एक महिला तिथे भाड्याने राहायला आली, तेव्हा मुख्य दारावर चोवीस तास दारवान असे, आत टेबलाशी माणूस असे आणि गॅरेजवरही लक्ष ठेवणारे लोक होते. पुढे एकेक करून हे सगळं कमी झालं. १९६६ पर्यंत दारवान गेला, टेबल बराच वेळ रिकामं राहू लागलं आणि बाजूचं दार रात्रीसुद्धा उघडं सापडू लागलं. इमारतीत चोऱ्या-मारहाणी वाढत होत्या आणि मालकाला ते माहीत होतं. नोव्हेंबर १९६६ मध्ये रात्री सव्वादहाच्या सुमारास त्या महिलेवर तिच्या फ्लॅटबाहेरच्याच पॅसेजमध्ये हल्ला झाला. दोनच महिन्यांपूर्वी त्याच पॅसेजमध्ये दुसऱ्या एका भाडेकरूवरही हल्ला झालेला होता.

मालकाचं म्हणणं जुनंच होतं. गुन्हेगारांना आवरणं पोलिसांचं काम, माझं नाही. अपील कोर्टाने ते मान्य केलं नाही. फ्लॅटच्या आतली काळजी भाडेकरू घेऊ शकतो, पण सामायिक पॅसेज, जिना आणि मुख्य दार यांवर ताबा एकट्या मालकाचा असतो. ज्याच्या हातात उपाय आहे, त्याच्यावरच जबाबदारी येते. मालक म्हणजे काही विमा कंपनी नव्हे, हेही कोर्टाने सांगितलं. पण ती राहायला आली तेव्हा सुरक्षेची जी पातळी होती, साधारण तेवढी तरी त्याने टिकवायला हवी होती. भरपाईची रक्कम ठरवण्यासाठी प्रकरण खालच्या कोर्टाकडे परत पाठवलं गेलं.

गोष्ट साधी आहे. भाडं घेताना वॉचमन दाखवायचा आणि नंतर गुपचूप काढून टाकायचा, हे चालणार नाही.

हॉस्टेलचा निकाल

आपल्या जास्त जवळचा निकाल १९८३ चा, मॅसॅच्युसेट्स राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाचा. बोस्टनजवळचं पाइन मॅनॉर हे तेव्हा मुलींचं निवासी कॉलेज होतं. डिसेंबर १९७७ मध्ये पहिल्या वर्षाच्या एका विद्यार्थिनीच्या खोलीत पहाटे एक माणूस शिरला, तिला धमकावून बाहेर नेलं आणि कॅम्पसमध्येच तिच्यावर बलात्कार केला. तो तास-दीड तास कॅम्पसवर होता, त्यातला काही वेळ तिला घेऊन उघड्यावर फिरत होता आणि कुणालाही पत्ता लागला नाही.

कॉलेजला कुंपण होतं, रात्री दोन पहारेकरी होते, खोल्यांना कुलुपंही होती. म्हणजे कागदावर सगळं जागच्या जागी. पण खटल्यात एकेक गोष्ट उलगडत गेली. कुलुपं सहज उघडता येण्याजोगी होती. दारांना आतून साखळी किंवा मजबूत बोल्ट नव्हता. पहाऱ्यात ढिलाई होती. आदल्याच संध्याकाळी एक तरुण कुंपण ओलांडून उघड्या दारातून आतल्या इमारतीत आला होता.

कॉलेज म्हणालं, आमच्याकडे असा हल्ला पूर्वी कधी झालाच नाही, मग आम्हाला कळणार कसं? कोर्टाचं उत्तर वाचण्यासारखं आहे. नव्या विद्यार्थिनींच्या पहिल्याच कार्यक्रमात कॉलेजच्या अधिकाऱ्याने त्यांना सावध केलं होतं, की शहर जवळ आहे, बस आणि रेल्वे थेट इथवर येतात, सांभाळून राहा. म्हणजे धोका कॉलेजला माहीत होता. शिवाय धोका नव्हताच, तर कुंपण आणि पहारेकरी कशासाठी ठेवले होते?

ज्युरीने १,७५,००० डॉलर भरपाई ठरवली, कॉलेज आणि सुरक्षेची जबाबदारी असलेले उपाध्यक्ष या दोघांविरुद्ध. धर्मादाय संस्थांना त्या राज्यात मर्यादेचं संरक्षण असल्यामुळे कॉलेजच्या वाट्याची रक्कम २०,००० डॉलरवर आली. उपाध्यक्षांना ते संरक्षण मिळालं नाही. ‘मी फक्त नोकर आहे’ एवढं म्हणून पदावरच्या माणसाची सुटका होत नाही, हे आपल्या स्टाफ वाचकांनी विशेष लक्षात घ्यावं.

या निकालातला सगळ्यात महत्त्वाचा मुद्दा पुढेच आहे. पूर्वी कॉलेज म्हणजे विद्यार्थ्यांचे जणू पालक, असं मानत. नंतर काळ बदलला, विद्यार्थी सज्ञान मानले जाऊ लागले. मग जबाबदारीही संपली का? कोर्ट म्हणतं, नाही. विद्यार्थ्यांच्या नीतीवर पहारा ठेवण्याची गरज कॉलेजला नाही, पण म्हणून त्यांच्या शरीराच्या सुरक्षेकडे पाठ फिरवता येणार नाही. एकेकटी विद्यार्थिनी पहारेकरी नेमू शकत नाही, गेटला कुलूप लावू शकत नाही. ते कॉलेजच करू शकतं.

आता आपल्याकडे पाहा. ‘सुरक्षितता’ म्हटलं की पहिली सूचना काय निघते? मुलींच्या हॉस्टेलची वेळ अर्धा तास अलीकडे आणा. गेट साडेआठला बंद. पण गेट साडेआठला बंद करून मागच्या भिंतीचं भगदाड तसंच राहिलं, तर आत बसलेली मुलगी सुरक्षित कशी झाली? पाइन मॅनॉरची विद्यार्थिनी तर स्वतःच्या खोलीत झोपलेली होती. वेळेचं बंधन म्हणजे नीतीवरचा पहारा. कुलूप, दिवा आणि जागा वॉचमन म्हणजे सुरक्षा. हे दोन्ही एक नव्हेत.

झुडपं छाटली असती तर

तिसरं प्रकरण सॅन फ्रान्सिस्कोच्या सिटी कॉलेजचं. एप्रिल १९७८. एक विद्यार्थिनी दिवसाढवळ्या पार्किंगच्या जिन्यावरून जात होती. शेजारच्या दाट, न छाटलेल्या झुडपांतून एक माणूस बाहेर आला आणि त्याने तिच्यावर हल्ला केला. तिचं म्हणणं असं, की त्याच भागात आधीही असे हल्ले झाले होते, कॉलेजला ते ठाऊक होतं, पण झुडपं छाटली नाहीत आणि विद्यार्थ्यांना साधी सूचनाही दिली नाही.

खालच्या कोर्टाने दावा दारातूनच परत पाठवला. १९८४ मध्ये कॅलिफोर्नियाच्या सर्वोच्च न्यायालयाने तो चालवता येईल असं सांगितलं. कॉलेज सरकारी असल्यामुळे ‘पुरेसे पोलीस का नाही ठेवले’ असं तिला विचारता येत नव्हतं. पण झुडपं का छाटली नाहीत आणि इशारा का दिला नाही, हे मात्र विचारता येत होतं. माळ्याचं अर्ध्या दिवसाचं काम आणि नोटीस बोर्डवरचा एक कागद, एवढाच तो खर्च.

प्रत्येक वेळी मालक दोषी नसतो

इथे उलट बाजूही सांगायला हवी, नाहीतर अभ्यास एकांगी होईल. १९९३ मध्ये त्याच न्यायालयाने एका शॉपिंग सेंटरच्या मालकाच्या बाजूने निकाल दिला. तिथल्या फोटोच्या दुकानातल्या कर्मचारी महिलेवर सकाळी चाकूच्या धाकाने हल्ला झाला होता. सेंटरमध्ये सुरक्षारक्षक नेमायला हवे होते, असा तिचा दावा होता. कोर्टाने पाहिलं, की तशा प्रकारचे हिंसक गुन्हे तिथे आधी झाल्याचं मालकाला माहीत होतं असा पुरावा नाही. रक्षक नेमणं हा मोठा आणि कायमचा खर्च. एवढा भार टाकायचा तर धोकाही तितकाच स्पष्ट दिसत असायला हवा.

म्हणजे उपाय जेवढा महाग, तेवढा धोक्याचा पुरावा भक्कम लागतो. उपाय स्वस्त असेल तर थोडा धोकाही पुरेसा होतो. आपल्याला हे गणित आवडेल, कारण १९४७ मध्ये न्यूयॉर्क बंदरातल्या एका मालवाहू नौकेच्या खटल्यात न्यायाधीश लर्नेड हँड यांनी ते चक्क असमीकरणात मांडलं. काळजी घेण्याचा खर्च हा अपघाताची शक्यता गुणिले होणारं नुकसान याच्यापेक्षा कमी असेल आणि तरीही काळजी घेतली नाही, तर तो हलगर्जीपणा. बल्ब, कडी-कोयंडा, झुडपांची छाटणी हे सगळं त्या असमीकरणाच्या डाव्या बाजूला किती लहान दिसतं, बघा!

आपण अडकवलेली वीट

दोष नेहमी मॅनेजमेंटचाच असतो असंही नाही. एप्रिल १९८६ मध्ये पेनसिल्व्हेनियातल्या लीहाय विद्यापीठाच्या हॉस्टेलमध्ये १९ वर्षांच्या एका विद्यार्थिनीचा तिच्या खोलीत खून झाला. खुनी त्याच विद्यापीठाचा विद्यार्थी होता. तो तीन दारांमधून आत आला. तिन्ही दारं आपोआप बंद होऊन कुलूप लागणारी होती आणि तिन्ही कुणीतरी काहीतरी अडकवून उघडी ठेवली होती.

आईवडिलांनी विद्यापीठावर दावा लावला, तो तडजोडीने मिटला. पण ते तिथे थांबले नाहीत. त्यांच्या प्रयत्नांतून १९९० मध्ये एक केंद्रीय कायदा झाला, जो आज त्यांच्या मुलीच्या आडनावाने ‘क्लेरी कायदा’ म्हणून ओळखला जातो. त्यानुसार सरकारी मदत घेणाऱ्या कॉलेजांना कॅम्पसवरच्या गुन्ह्यांचे आकडे दरवर्षी जाहीर करावे लागतात आणि धोका असेल तेव्हा विद्यार्थ्यांना वेळेवर इशारा द्यावा लागतो.

रात्री उशिरा येणाऱ्या मित्रासाठी मागच्या दाराला वीट लावून ठेवणं आपल्याला काही नवीन नाही. अशा खटल्यात अमेरिकेतल्या अनेक राज्यांत दोषाची टक्केवारीत वाटणी होते. त्या वाटणीत विटेचाही हिस्सा निघू शकतो.

आपल्याकडे काय?

भारतात अशा दिवाणी दाव्यांची संख्या कमी आहे. खटले लांबतात, आणि अमेरिकेसारखं ‘जिंकलो तर रकमेतले टक्के घेईन’ असं वकिलाला आपल्याकडे ठरवता येत नाही. तरी तत्त्व आपल्याही कायद्यात आहे. जागेच्या मालकाच्या हलगर्जीपणाचं आपल्याकडचं मोठं उदाहरण म्हणजे दिल्लीचं उपहार थिएटर. तिथे बाहेरून कुणी हल्ला केला नव्हता, हलगर्जीपणा हाच गुन्हा ठरला. १३ जून १९९७ ला तळमजल्यावरच्या ट्रान्सफॉर्मरमुळे आग लागली, धूर वर चढला आणि ५९ माणसं गेली. बाल्कनीत जादा खुर्च्या बसवताना बाहेर पडण्याची वाट अडवली गेली होती. दिल्ली उच्च न्यायालयाने २००३ मध्ये मृतांच्या नातेवाइकांना वयानुसार १८ आणि १५ लाख रुपये भरपाई ठरवली. २०११ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती १० आणि साडेसात लाखांवर आणली. जबाबदारी मालक ८५ टक्के आणि वीज मंडळ १५ टक्के अशी वाटली गेली. रक्कम कमी झाल्याची नाराजी बऱ्याच जणांना वाटली, पण ‘तिकीट घेऊन आत आलेल्या माणसाचा जीव सांभाळणं मालकाचं काम आहे’ हे मात्र पक्कं झालं.

दुसरा मार्ग सरकारी भरपाईचा. फौजदारी प्रक्रिया संहितेत २००८ च्या दुरुस्तीने कलम ३५७-अ आलं आणि ते २००९ च्या अखेरीस लागू झालं. १ जुलै २०२४ पासून हीच तरतूद भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३९६ मध्ये आहे. प्रत्येक राज्याची पीडित भरपाई योजना असते आणि रक्कम जिल्हा विधी सेवा प्राधिकरण ठरवतं. आरोपी सापडला नाही, त्याची ओळखच पटली नाही, तरीही पीडिताला अर्ज करता येतो. चौकशी दोन महिन्यांत पुरी करावी असं कायदा सांगतो. महाराष्ट्रात बलात्कार, बालकांवरचे लैंगिक अत्याचार आणि ॲसिड हल्ला यांतल्या पीडितांसाठी २०१३ मध्ये ‘मनोधैर्य’ योजनाही सुरू झाली. अशा पीडितांवर मोफत उपचार करणं सरकारी आणि खासगी, दोन्ही हॉस्पिटलांना बंधनकारक आहे.

वकिलाच्या फीची भीती वाटत असेल तर १९८७ चा विधी सेवा प्राधिकरण कायदा लक्षात ठेवा. महिला, मुलं, अनुसूचित जाती-जमातीच्या व्यक्ती यांना उत्पन्न कितीही असलं तरी मोफत वकील मिळू शकतो. कचेरी जिल्हा न्यायालयाच्या आवारातच असते आणि हेल्पलाइनचा नंबर आहे १५१००.

हॉस्टेलवाल्यांनी काय करायचं?

वरच्या सगळ्या प्रकरणांत निकाल फिरला तो एकाच गोष्टीवर : मालकाला माहीत होतं का? आणि माहीत होतं हे सिद्ध करायला कागद लागतो. मेसमध्ये बसून ‘अरे, ते मागचं दार कधीपासून मोडलंय’ असं शंभर जणांनी म्हटलं तरी त्याची नोंद कुठेच होत नाही. म्हणून :

१. तक्रार लेखी द्या. तारीख, खोली नंबर, नेमकं काय मोडलंय, सगळं लिहा. ‘सुरक्षा सुधारावी’ असं मोघम नको. ‘ब विंगच्या मागच्या जिन्यातला पहिल्या मजल्यावरचा दिवा बंद आहे’ असं हवं.

२. ऑफिसमध्ये आवक नंबर घ्या आणि दुसऱ्या प्रतीवर पोच घ्या. पंधरा दिवसांत काही झालं नाही तर पहिल्या अर्जाचा हवाला देऊन दुसरा द्या.

३. मोबाइलवर फोटो काढून ठेवा. घटना घडल्यावर दुसऱ्याच दिवशी नवं कुलूप लागतं आणि जुनं कसं होतं, हे सांगायला काहीच उरत नाही.

४. दुर्दैवाने काही घडलंच तर आधी उपचार, मग एफआयआर. हद्दीचा वाद घालत बसू नका, कुठल्याही पोलीस ठाण्यात शून्य नंबरने गुन्हा नोंदवता येतो. दवाखान्याची बिलं आणि रिपोर्ट जपून ठेवा. सीसीटीव्हीचं फुटेज ठरावीक दिवसांनी पुसलं जातं, म्हणून ते राखून ठेवण्याची मागणी लगेच लेखी करा. दाव्यालाही मुदत असते, तेव्हा वकिलाकडे जायला उशीर नको.

५. रेक्टर सर, मॅडम आणि वॉचमनकाका, ही वही तुमच्याविरुद्ध नाही. तुम्ही वरच्या ऑफिसला कळवलं होतं याचा पुरावाही तीच. वॉचमनकाकांना टॉर्च नाही, रात्रपाळीला जोडीदार नाही, हेही तिच्यात लिहिलं गेलं पाहिजे.

विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१५ मध्ये विद्यार्थ्यांच्या सुरक्षेबद्दल मार्गदर्शक सूचना काढल्या आहेत. कंपाउंडच्या भिंतीपासून गेटवरच्या पहाऱ्यापर्यंतचे मुद्दे त्यांत आहेत. हॉस्टेल कमिटीच्या पुढच्या मीटिंगला त्यांची एक प्रत घेऊन जा आणि एकेक मुद्दा आपल्या इमारतीशी ताडून पाहा. निम्मी कामं तर आपल्याच मेंटेनन्स सेक्शनच्या सामानात होऊन जातील. आणि तोपर्यंत मागच्या दाराची वीट काढून ठेवा.